मंगळवारचे रामटेके

रामटेके कुणाच्याही घरी गेले की दारातच क्षणभर थांबत. बूट काढायला वाकलेले असत, त्यामुळे ते थांबणं कुणाच्या लक्षात येत नसे. माझ्या आलं, कारण मी पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे जरा बारकाईनं पाहत होतो. ते वास घेत असत. मान किंचित वर, डोळे अर्धवट मिटलेले, एक लहानसा श्वास, मग दुसरा. एवढं झालं की आत येत आणि हात जोडून सगळ्यांना जयभीम करत. घरात शिरण्याआधी माणूस घर हुंगतो, हे मला कधीच सरळ वाटलं नाही.

इकडे परदेशात, लोअर हट शहरातल्या आपल्या लोकांत सुखदेव रामटेके यांच्याबद्दल एक गोष्ट अजून सांगितली जाते. रविवारी पंचशील द्यायचे आणि घरी पडदा लावून दारू प्यायचे, अशी ती गोष्ट. ज्यांनी रामटेक्यांना कधी पाहिलंही नाही अशा, नव्यानं आलेल्या मुलांनाही ती माहीत असते. ती मी पसरवली. पडदा मात्र माझा नाही, तो नंतर कुणीतरी लावला. ती गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे तिच्यावर शिक्कामोर्तब होण्याच्या पाच दिवस आधी मला कळलं होतं. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. हे लिहायला मला सात वर्षं लागली.

रामटेके नागपूरचे. तिथं एका प्रयोगशाळेत अन्नपदार्थ तपासायचं काम करत. इथं आले तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. पत्नी आधीच वारली होती. बरोबर बारा वर्षांची प्रज्ञा. उंच, हडकुळे, आणि त्या हडकुळ्या चेहऱ्यावर चांगलंच मोठं नाक. बोलणं अघळपघळ वऱ्हाडी नव्हतं, पण प्रत्येक दुसऱ्या वाक्याला ‘जी’ लागायचंच. मी पुण्याचा, त्यांच्या कितीतरी आधी इथं आलेला. इथल्या सरकारी कचेरीत नोकरी केली, आपल्या मंडळाच्या पहिल्या बैठका माझ्याच घरी झाल्या. भाड्याच्या हॉलमध्ये दर रविवारी वंदना व्हायची तेव्हा पंचशील मीच देत असे. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यात आहे.

एका रविवारी माझा घसा बसला होता. मीच म्हणालो, रामटेके, आज तुम्ही द्या. त्यांनी दिलं. आवाज काही खास नव्हता, पण एकेक शील म्हणून झालं की ते थांबत, जणू समोरच्याला नाही म्हणायचं असेल तर वेळ देत आहेत. नंतर पोरांना जवळ बसवून पाचही शीलं साध्या इंग्रजीत समजावून सांगितली. कुणाच्या तरी मुलानं सफरचंदाच्या हलक्या दारूबद्दल विचारलं, “काका, सायडर इज ओके?”

“नो बेटा. जिंजर बिअर ओके.”

नावातच बिअर, एरवी नुसतं आल्याचं सरबत; सगळे हसले. पुढच्या रविवारी माझा घसा बरा होता, पण बायका म्हणाल्या, रामटेके सरांनाच देऊ द्या ना, पोरं ऐकतात. तिथून ते काम त्यांचंच झालं. लग्नंही तेच लावू लागले. मी अध्यक्ष राहिलो, म्हणजे हॉलची किल्ली माझ्याकडे राहिली.

ते मुलांना नेहमी म्हणत, “चार शीलं दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून आहेत. पाचवं तुझ्यासाठी आहे. बाकीची चार आठवत राहावी म्हणून.” मला ते वाक्य फार घोटून तयार केल्यासारखं वाटायचं. पाचव्यावर, म्हणजे दारू न पिण्याच्या शीलावर, हा माणूस इतका जोर का देतो, असं मी सुशीलेला, म्हणजे माझ्या पत्नीला, विचारलंही होतं. ती म्हणाली, “तुम्हाला प्रत्येकात काहीतरी दिसतंच.”

खुद्द सुशीला त्यांच्यावर एकदाच रागावली. बुद्धपौर्णिमेची खीर तिनं केली होती, मोठं पातेलं भरून. वाढायला घेणार एवढ्यात रामटेके शेजारून गेले आणि परत फिरले.

“वहिनी, खीर देऊ नका.”

“का हो?”

“दूध फिरून राहिलं जी.”

“तुम्ही चाखली तरी का?”

“नाही. वास आला.”

सुशीलेनं चमचाभर खाऊन पाहिली. मी खाल्ली. आणखी दोघातिघांनी खाल्ली. उत्तम होती. चारचौघांत अपमान झाला म्हणून ती मुकाट्यानं पातेलं झाकून गाडीत ठेवून आली. संध्याकाळी घरी झाकण काढलं तर खीर फाटलेली. ती म्हणाली, “बाई गं, पोरांना बाधली असती.” तिचा राग तिथंच संपला. माझा संपला नाही. न चाखता ज्याला कळतं त्याला आणखी काय काय कळत असेल, हा विचार मनात येऊन बसला.

त्यांच्या कितीतरी सवयी मला खटकत. वंदनेच्या वेळी अगरबत्ती ते मूर्तीजवळ न ठेवता लांब, उघड्या खिडकीपाशी ठेवायला लावत. अत्तर, पावडर, वासाचा साबण, काही नाही. आणि मंगळवार. मंगळवारी सकाळी फोन केला तर उचलत नसत. आदल्या संध्याकाळी जेवायला बोलावलं तर कांदा-लसूण नको म्हणत, आणि मंगळवारी दुपारपर्यंत चहासुद्धा नाही. एकदा सार्वजनिक सुट्टी मंगळवारी आली. आम्ही दहाबारा जण सहलीला निघालो, गाडीत सुशीलेनं चिवडा पुढं केला तर म्हणाले, “आज नको जी. दुपारनंतर घेतो. सवय आहे.”

आमच्या घरांतून उपासतापास गेल्याला दोन पिढ्या झाल्या. आजीनं गणपतीचा मंगळवार सोडला त्याची गोष्ट मी लहानपणी शंभर वेळा ऐकलेली. त्यामुळे माझ्या डोक्यात जे आलं ते आपल्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं असतं. मी एकदोघांना हळूच म्हणालो, “हा माणूस चोरून मंगळवार करतो.” त्यांनी लगेच मान डोलावली. अगरबत्ती लांब ठेवण्याचा संबंधही कुणीतरी त्याच्याशी लावला. कसा लावला ते आता आठवत नाही. संशय एकदा धरला की काहीही कशालाही जोडता येतं.

नोकरी काय करता विचारलं तर म्हणत, “गोडाऊनमध्ये आहे जी. इम्पोर्टचं काम.” काय इम्पोर्ट? “खाण्यापिण्याचं.” एवढंच. आमच्यात डॉक्टर आहेत, फार्मसिस्ट आहेत, नर्सेस आहेत. प्रत्येक जण आपलं काम नको तितकं सविस्तर सांगतो. हे एकटेच सांगत नव्हते.

सात वर्षांपूर्वी, प्रज्ञाचं लग्न ठरलं होतं त्या दिवसांतली गोष्ट. मुलगी फार्मसिस्ट झाली होती, मुलगा इथलाच, आपल्यातला. पंधरा वर्षांत रामटेक्यांनी कितीतरी जणांच्या मुलांची लग्नं लावली होती. आता स्वतःच्या मुलीला शील देणार म्हणून ते हरखले होते. बोलून दाखवत नसत, पण रविवारी हॉल झाडताना गुणगुणत.

एका शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी सतरंजी परत द्यायला गेलो. घराच्या बाजूनं जाताना स्वयंपाकघराची खिडकी लागते. टेबलावर सहा पेले मांडलेले होते, काचेचे, लांब दांड्याचे. हिरव्या बाटल्या, बुचं काढलेल्या. रामटेके एक पेला उजेडाकडे धरून पाहत होते. मग त्यांनी तो नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि तोंडाला लावला.

मी बेल वाजवली नाही. सतरंजी तशीच गाडीत टाकून घरी आलो. खरं सांगायचं तर मला धक्का बसला नाही. मला बरं वाटलं. इतकी वर्षं जे हाताला लागत नव्हतं ते एकदाचं लागलं होतं.

रविवार सकाळपर्यंत मी चार घरी सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात अकरा झाली. मी खोटं काही बोललो नाही. फक्त ‘पाहिलं’ म्हणालो. बाकीचं ऐकणाऱ्यांनी भरलं. सहा पेल्यांची सहा माणसं झाली, मग पार्टी झाली, मग रोजचं झालं.

रामटेक्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते दुसऱ्या कुणाकडे गेले नाहीत. सरळ माझ्याकडे आले. दारात थांबले, बूट काढले, बसले.

“सोनवणेसाहेब, तुम्ही पाहिलं म्हणतात.”

“पाहिलं.”

“बेल काहून नाही वाजवली जी?”

मी त्यांची सतरंजी आणून पुढं ठेवली.

“मंगळवारी सकाळी मोकळे आहात? गोडाऊनला या. जे पाहायचं ते नीट पाहा.”

मंगळवारी ते मला त्यांच्या गाडीतून पेटोनीला घेऊन गेले. समुद्राच्या बाजूला पत्र्याची मोठी शेड, आत छतापर्यंत खोकी. वाइन मागवणाऱ्या एका लहानशा कंपनीचं ते गोदाम होतं. दारातच त्यांनी मला थांबवलं.

“साहेब, एक विनंती आहे. तुम्ही अत्तर लावलं आहे.”

“आफ्टरशेव्ह आहे.”

“तेच. जरा धुऊन येता का?”

मी एकाहत्तर वर्षांचा माणूस, गोदामाच्या संडासात गाल धूत उभा होतो. ते मी त्यांना माफ केलं नाही, हेही लिहून ठेवतो.

आत एका पांढऱ्या खोलीत पांढरं टेबल, त्यावर सहा पेले. शेजारी स्टीलची बादली. मालक ग्रॅहम म्हणून एक गोरा गृहस्थ होता, शॉर्ट्स आणि जँडल्स म्हणतात त्या रबरी सपातांमध्ये. “किया ओरा! सुख्स फ्रेंड?” असा इथल्या पद्धतीचा नमस्कार करत त्यानं माझा हात हलवला. रामटेक्यांना तो सुख म्हणत असे.

बाटलीच्या चिठ्ठीवर एका घराचं चित्र आणि खाली तीन नावं. रामटेके म्हणाले, “आजोबा, मुलगा, नात. आजोबा गेले, मुलगा थकला, आता नातच पाहते. घरचेच लोक आहेत सगळे. फ्रान्समध्ये, समुद्राजवळ लहानसा द्राक्षमळा आहे.” व्हाइट वाइन म्हणतात, पण पेल्यात ती पांढरी नव्हती, लिंबाच्या रसात भरपूर पाणी घातल्यासारखी, किंचित पिवळसर.

मग त्यांनी दर मंगळवार सकाळचं आपलं काम सुरू केलं. पेला फिरवला, हुंगला. एक घोट घेतला, बशीतला गरम चहा ओढावा तसा आवाज करत तोंडात हवा ओढली, गालांतून फिरवला, आणि बादलीवर वाकून थुंकून टाकला. एक सरळ धार. बाहेर थेंब नाही. पाण्यानं चूळ भरली, तीही बादलीत. वहीत लिहिलं. वही मराठीत होती. मी वाकून वाचलं: ओला पाटा. हिरवं सफरचंद. लिंबाची साल. शेवटी मीठ.

“मीठ?”

“समुद्राचं असेल जी. मी गेलो नाही तिकडे कधी. पण दरवर्षी लागते.”

दुसरा पेला, तिसरा. प्रत्येक वेळी बादली. मी त्यांच्या गळ्याकडे पाहत होतो. कंठमणी हलतो का, एकदा तरी गिळतात का, हेच मी तिथं पाहत होतो. हलला नाही.

“ही कोरडी वाइन आहे, साहेब. म्हणजे गोडवा ठेवतच नाहीत. गोड असली की चार दोष झाकून जातात. मळ्यातली ही नात झाकायला काही ठेवत नाही. म्हणून जरासं बिघडलं तरी लगेच कळते.”

चौथ्या पेल्यावर ते थांबले. पुन्हा हुंगलं. “भिजलेला पुठ्ठा,” म्हणाले, आणि ग्रॅहमकडे वळून इंग्रजीत तेच सांगितलं. ग्रॅहमनं हुंगलं. “मला काही वास येत नाही, मेट.” मीही हुंगलं. मलाही काही आलं नाही. रामटेक्यांनी बाटलीचं बूच उचलून दाखवलं. बुचात दोष असला की तो वाइनमध्ये उतरतो, काही आठवड्यांत आणखी वाढतो. त्या शनिवारी त्यांनी बाटल्या घरी नेल्या होत्या त्या यासाठीच. गोदामात रंगकाम चाललं होतं आणि रंगाच्या वासात त्यांना स्वतःच्या नाकाचा भरवसा वाटेना. स्वयंपाकघरात बादली नव्हती. खिडकीखाली सिंकमध्ये पातेलं ठेवलं होतं. बाहेरून ते दिसण्यासारखं नव्हतंच.

ग्रॅहमनं त्या द्राक्षमळ्याच्या नातीला व्हिडिओ कॉल लावला. तिशीतली बाई, केस कसेतरी बांधलेले, तिकडे झोपायची वेळ झालेली. एलोडी तिचं नाव. ऐकता ऐकता तिचा चेहरा ताठ झाला. तिनं स्वतः चाखून भरलेल्या बाटल्या होत्या. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणी अनोळखी माणूस त्यांना पुठ्ठा म्हणत होता. तिनं विचारलं, “हा माणूस माझी वाइन कधी पितो तरी का?”

ग्रॅहम मोठ्यानं हसला. “पंधरा वर्षांत एक घोट गिळला नाही यानं. ख्रिसमसलासुद्धा ऑरेंज जूस.”

ती थोडा वेळ रामटेक्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मग याचं ऐकते.” आणि कोणत्या खोक्यातली बाटली ते विचारून लिहून घेऊ लागली.

“स्वीट अ‍ॅज,” ग्रॅहम म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’.

परतताना गाडीत रामटेके स्वतःहून बोलले. एरवी स्वतःबद्दल बोलत नसत. “माझं नाक प्रयोगशाळेत नाही तयार झालं जी. बाप प्यायचा. दारात आला की वासावरून मला कळायचं, आज मार आहे का नाही. किती प्यायला, काय प्यायला, सगळं कळायचं. माय मला पुढं उभं करायची, मी मागं वळून सांगायचो. आठ वर्षांचा असेन.” मग म्हणाले, “त्याच नाकावर आता पोटाला मिळते. कुणाला सांगायचं हे? दारूच्या गोदामात शीलाचा माणूस! मलाच कधी कधी विचित्र वाटते. पण गिळली नाही, साहेब. कधीच नाही.”

माझ्या दारापाशी गाडी थांबवून म्हणाले, “रविवारी कमिटी बसते आहे. प्रज्ञाच्याही कानावर गेलं आहे. मी सांगितलं तिला. ती म्हणते, सोनवणेकाकांनी पाहिलं आहे, बाबा. तुम्ही फक्त जे पाहिलं ते सांगा.”

मी म्हणालो, “बघू.”

ते पाच दिवस मी काय विचार केला, ते मला नीट आठवतं. पहिला विचार, तोंडात घेतली म्हणजे थोडी तरी आत जातच असणार. दुसरा, हे सगळं मला दाखवण्यासाठी केलं नसेल कशावरून? तिसरा विचार मी मनात येऊ दिला नाही: अकरा घरी जाऊन मी चुकलो म्हणून सांगायचं. सुशीलेनं विचारलं, “काय पाहिलंत मग गोडाऊनमध्ये?” मी म्हणालो, “खोकी.”

रविवारी वंदना झाल्यावर सतरंजीवरच कमिटी बसली. डॉक्टर मेश्राम सगळ्यांत शिकलेले आणि सगळ्यांत सौम्य. त्यांनीच विषय काढला. “रामटेके सर, लोक बोलतात म्हणून विचारतो. राग मानू नका. तुम्हाला काही सांगायचं आहे?”

“माझं काम वाइन तपासायचं आहे,” रामटेके म्हणाले. “तोंडात घेतो, थुंकतो. गिळत नाही.”

मागून कुणीतरी म्हणालं, “थुंकतो म्हणे!” आणि हसू फुटलं. आधी एक, मग सगळीकडून. इतक्या महागाची वाइन कोण थुंकतं, असंही कुणीतरी म्हणालं. रामटेके हसू थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, “सोनवणेसाहेब मंगळवारी आले होते. त्यांनी पाहिलं आहे.”

सगळे माझ्याकडे वळले. प्रज्ञा दाराशी उभी होती.

मेश्रामांनी विचारलं, “साहेब, तुम्ही काय पाहिलं?”

मी म्हणालो, “पेला तोंडाला लावलेला पाहिला.”

“त्यात वाइनच होती?”

“वाइनच होती.”

दोन्ही वाक्यं खरी होती. रामटेके माझ्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. रांगेत आपला नंबर येणारच म्हणून उभ्या असलेल्या माणसासारखे ते माझ्या पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. मी कोपऱ्यातल्या हीटरकडे पाहू लागलो. थोड्या वेळानं मेश्राम हलक्या आवाजात म्हणाले, “बरं,” आणि ते संपलं.

थुंकलेली वाइन शील मोडते का? या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही. जाणत्या लोकांनी बसून त्यावर बोलायला हवं होतं. कदाचित ते रामटेक्यांच्या विरुद्धही गेले असते. पण तो प्रश्न त्या दिवशी विचारलाच गेला नाही. तो विचारता यावा इतकंही मी सांगितलं नाही.

तीन दिवसांनी प्रज्ञा आमच्याकडे आली. मराठी समजत असूनही ती इंग्रजीतच बोलायची. “काका, वुड यू डू द वेडिंग?” डोळे सुजलेले होते. मला वाटलं, नाही म्हणावं. मी हो म्हणालो.

लग्नाच्या दिवशी रामटेके पहिल्या रांगेत बसले होते, नवा पांढरा शर्ट घालून. मी एकेक शील म्हणत गेलो, लोक मागून म्हणत गेले. पाचवं आलं. मी ते भरकन म्हणून पुढं गेलो. ते मात्र नेहमीच्याच संथ लयीत म्हणत होते, त्यामुळे सगळ्यांचं म्हणून झाल्यावरही त्यांचा एकट्याचा आवाज हॉलमध्ये क्षणभर उरला. प्रज्ञानं मान वर केली नाही.

त्यानंतर ते रविवारी आले नाहीत. लोअर हटचं घर सोडून अप्पर हटला राहायला गेले. प्रज्ञा नवऱ्याबरोबर दूर हॅमिल्टनला गेली, तिथल्या रोटोटुना भागात त्यांनी घर घेतलं. ती वडिलांशी बोलत असे, सणावारी येतही असे. पण दिवस मोजून. ती आली की ते कामावर रजा टाकत, असं नंतर मला ग्रॅहमकडून कळलं. घरात मुलगी असताना तो वास अंगावर घेऊन जायचं नाही म्हणून.

गेल्या जूनमध्ये रामटेके गेले. झोपेतच. मी अंत्यविधीला मागे उभा राहिलो आणि कुणाशी न बोलता परतलो. त्यानंतर पंधरा दिवसांनी रोटोटुनाला गेलो. प्रज्ञानं चहा केला. मी सगळं सांगितलं: खिडकी, गोदाम, बादली, एलोडी, हीटर, आणि तिला सांगा म्हणून रामटेक्यांनीच सांगितलं होतं, हेही. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. तिची लहान मुलगी आतबाहेर करत होती.

शेवटी ती म्हणाली, “ही टोल्ड मी, काका. शपथ घेऊन सांगितलं होतं त्यांनी.” शपथ हा शब्द तिनं मराठीत म्हटला. मग विचारलं, “मला हे सांगा म्हणून बाबांनी तुम्हाला कधी सांगितलं होतं?”

“ऑक्टोबरमध्ये.”

“विच ऑक्टोबर?”

“मागच्या.”

तिनं बोटांवर मोजलं नाही, पण मोजलेलं मला दिसलं. आठ महिने. ती कप उचलून आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

त्या ऑक्टोबरमध्ये मी अप्पर हटला रामटेक्यांकडे गेलो होतो. सुशीला जाऊन वर्ष झालं होतं, आणि घरात ज्याला उत्तर द्यायचं ते माणूसच उरलं नाही की न दिलेली उत्तरं फार बोलू लागतात. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची उन्हात ओढली. बरेच थकले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनीच विचारलं.

“साहेब, एक विचारू? त्या मंगळवारी मी थुंकताना तुम्हाला दिसलो होतो ना? का तुम्ही बसलात तिथून बादली दिसत नव्हती? मी पुष्कळ वेळा विचार केला. खुर्ची जरा अलीकडे ठेवायला पाहिजे होती.”

सहा वर्षं हा माणूस खुर्ची कुठं ठेवायला हवी होती त्याचा विचार करत होता.

“दिसलं होतं,” मी म्हणालो. “सगळं दिसलं होतं.”

“असं होय.” ते म्हणाले. “मग ठीक आहे. मला वाटे, माझंच काही चुकलं.”

मी म्हणालो, मी मंडळात सांगतो, सगळ्यांना बोलावून सांगतो, लिहून देतो.

“मंडळाचं राहू द्या जी. प्रज्ञाला सांगा. तेवढं पुरे.”

निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले. हातात फोन होता. उभ्याउभ्याच त्यांनी तिचा नंबर लावला, रिंग जाऊ लागली, आणि फोन माझ्यापुढं धरला.

“बोला ना, साहेब. दोन मिनिटांचं काम आहे.”

मी हात मागं घेतला. “असं फोनवर नको. प्रत्यक्ष जाऊन सांगतो.”

पलीकडून ‘हॅलो, बाबा?’ ऐकू आलं. त्यांनी फोन कानाला लावला. “काही नाही बेटा,” ते म्हणाले, “सहज केला होता. जेवलीस का?”

मी गाडीत बसलो. आरशात ते दिसत होते. फोन बंद केला होता, पण हातातच होता, आणि मी अजूनही थांबेन म्हणून ते फाटक उघडं धरून उभे होते.